बोर्ड बदलला की फॉरमॅट मारायचाच, हे आलं कुठून?

मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, बदलला की विंडोज नव्याने टाकावीच लागते, आपल्या भाषेत डिस्क पुसून फॉरमॅट मारावाच लागतो, हे मी गेली वीस-बावीस वर्षं ऐकतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्यांनी ज्यांनी विंडोज ११ साठी बोर्ड-प्रोसेसर बदलायला काढला त्यांना परत तेच ऐकवलं जातंय. एके काळी हे अगदी खरं होतं, पण ते दोन वेगवेगळ्या कारणांनी खरं होतं, एक ड्रायव्हरचं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, आणि एक लायसन्सचं, आणि लोकांच्या डोक्यात ही दोन्ही एकात एक मिसळून गेली, त्यामुळे आज नेमकं काय करावं लागतं आणि काय नाही हे कुणी नीट सांगतच नाही.

मला याचं इतकं का लागतं ते सांगतो. २००४ च्या पावसाळ्यात घराजवळ वीज पडली आणि मॉडेमला फोनची वायर लावलेलीच राहिली होती, बोर्ड गेला. हार्ड डिस्क ठणठणीत. दुकानात नवीन बोर्ड टाकला, विंडोज चालू होईना, म्हणून त्यांनी आम्हाला न विचारता सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. डी वरची गाणी सगळी राहिली. पण आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो माय डॉक्युमेंट्समध्ये होते आणि माय डॉक्युमेंट्स असतं सी वर. डिस्कला काहीही झालेलं नसताना ते फोटो गेले. नंतर मी हे सगळं शिकत गेलो तेव्हा कळलं की त्या दिवशी तासाभराचं काम होतं, फॉरमॅटची गरजच नव्हती.

तर सुरुवात डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमपासून. डॉसच्या काळात हार्डवेअर बदललं म्हणून कुणी सिस्टिम नव्याने टाकत नव्हतं. दोन लपवलेल्या सिस्टिम फाइली, एक कमांड डॉट कॉम, एवढ्यावर मशीन उठायचं, हार्डवेअरशी बोलायचं काम बरंचसं बायॉसच, म्हणजे बोर्डावरच बसवलेलं सॉफ्टवेअरच, करायचं. नवीन साउंड कार्ड आलं तर कार्डावरचे जंपर, म्हणजे पिनांवरच्या बारीक टोप्या, बदलून आयआरक्यू, म्हणजे त्या कार्डाला दिलेला नंबर, जुळवायचा आणि कॉन्फिग डॉट सिस, ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन फाइलींत ओळी टाकायच्या, झालं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी चालायची.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली, प्लग अँड प्ले, म्हणजे जोडलेलं हार्डवेअर आपोआप ओळखणं, आलं, आणि मशीनमध्ये काय काय आहे याची यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कायमची नोंदली जायला लागली. सोय मोठी होती, पण इथूनच इन्स्टॉल केलेली विंडोज त्या त्या मशीनला चिकटायला लागली. बोर्ड बदलला की जुन्या बोर्डाच्या नोंदी तशाच आणि नवीन बोर्डाच्या वर येऊन बसलेल्या, मग एकाच गोष्टीच्या दोन-दोन एंट्र्या आणि मशीन हँग. जाणकार लोक सेफ मोडमध्ये, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरवर विंडोज उठवून, रजिस्ट्रीतला एनम नावाचा हार्डवेअरच्या नोंदींचा गट उडवायचे, रीस्टार्ट केलं की विंडोज सगळं हार्डवेअर पहिल्यापासून शोधायची. शोधताना दर दोन मिनिटांनी सीडी मागायची, म्हणून आपल्याकडे विंडोज ९८ चं अख्खं फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवायची पद्धत पडली. आणि डी ड्राइव्ह तरी का, तर फॅट १६ या डिस्कवर फाइली ठेवायच्या जुन्या पद्धतीत एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक तुकडा, २ जीबीच्या वर जात नव्हतं, ४ जीबीची डिस्क आणली तरी तुकडे करावेच लागायचे. फॅट ३२ आलं १९९६ मध्ये आणि ती अडचण गेली, पण सी वर विंडोज, डी वर आपलं सामान ही वाटणी आपल्या हाडात मुरली. फॉरमॅट मारायची भीड चेपली ती यामुळेच, सी उडवला तरी काय बिघडतं, सगळं डी वर आहेच की, असं धरून चालायला लागले.

पण फॉरमॅटचा खरा नियम झाला तो विंडोज एक्सपीने. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ची, आणि आतून ती ९८ ची नाही, विंडोज एनटी आणि विंडोज २००० च्या घराण्यातली. एनटीमध्ये बूट होताना सगळ्यात आधी डिस्क कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या बोर्डावरच्या चिपचा, ड्रायव्हर लागतो, कारण बाकीची विंडोज त्या डिस्कवरूनच वाचायची असते, आणि कोणता ड्रायव्हर बूटच्या वेळी चालू करायचा हे इन्स्टॉल करतानाच ठरून गेलेलं असतं. जुना बोर्ड इंटेल चिपसेटचा आणि नवीन व्हीआयए या दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटचा घेतला की विंडोज इंटेलचा कंट्रोलर शोधत बसणार, तो सापडणार नाही, आणि निळा स्क्रीन, स्टॉप एरर सेव्हन बी, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. सेफ मोडमध्येही तेच, कारण सेफ मोडपर्यंत पोहोचायलाही डिस्क लागते. ज्याला आतलं माहीत नाही त्याला वाटणार विंडोज उडाली, मारा फॉरमॅट.

यावर उपाय होते, आणि ते तेव्हाही होते. जुना बोर्ड चालू असेल तर काढायच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई, म्हणजे तेव्हाच्या डिस्कच्या, कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून मायक्रोसॉफ्टचा साधा स्टँडर्ड ड्युअल चॅनेलवाला करून ठेवायचा, मशीन बंद करायचं, डिस्क नवीन बोर्डाला लावायची. आणि बोर्ड आधीच जळाला असेल, आमचा जळाला होता तसा, तर रिपेअर इन्स्टॉल. सीडीवरून बूट करायचं, पहिल्या स्क्रीनवर आर दाबायचं नाही कारण तिथला आर म्हणजे रिकव्हरी कन्सोल, तिथे एंटर, मग एफ एटने करार मान्य, आणि मग ती जुनी विंडोज शोधून दाखवते तिथे आर. हा दुसरा आर. विंडोजच्या फाइली नव्याने बसतात, हार्डवेअर नव्याने ओळखलं जातं, प्रोग्रॅम, फोटो, डॉक्युमेंट सगळं जागच्या जागी राहतं. एका आरचा फरक.

डिस्क जोडायचे साटा आणि रेड हे नवे कंट्रोलर आल्यावर अजून एक त्रास वाढला, एक्सपीच्या सीडीत त्यांचे ड्रायव्हरच नव्हते. सेटअप सुरू होताना खाली एक ओळ यायची, थर्ड पार्टी ड्रायव्हर असेल तर एफ सिक्स दाबा, आणि तो ड्रायव्हर विंडोज फक्त फ्लॉपीवरून घ्यायची. तोवर नवीन कॅबिनेटमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह द्यायचं बंद होत आलं होतं, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणणारे कितीतरी जण केवळ विंडोज टाकण्यासाठी फ्लॉपी ड्राइव्ह बसवून घ्यायचे.

आता दुसरं कारण, लायसन्स. एक्सपीबरोबर अ‍ॅक्टिव्हेशन आलं, म्हणजे ही कॉपी याच मशीनवर चालते अशी मायक्रोसॉफ्टकडे नोंद करणं. बर्लिनच्या फुली लायसन्स्ड या कंपनीने जुलै २००१ मध्ये, म्हणजे एक्सपी बाजारात यायच्या आधीच, ते आतून कसं चालतं हे उलगडून मांडलं होतं. मशीनच्या दहा गोष्टींवरून एक खूण तयार व्हायची, प्रोसेसर, रॅम किती, डिस्प्ले कार्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, डिस्कचे कंट्रोलर, नेटवर्क कार्ड वगैरे. एखाद-दुसरी गोष्ट बदलली तर चालायचं, ठराविक संख्येच्या वर गेली की विंडोज परत अ‍ॅक्टिव्हेशन मागायची. नेटवर्क कार्डाला सगळ्यात जास्त वजन होतं. आणि बोर्ड बदलला की प्रोसेसर, कंट्रोलर, ऑनबोर्ड लॅन, ऑनबोर्ड डिस्प्ले सगळं एका झटक्यात बदलतं. मग फोन लावायचा, ५० आकड्यांचा नंबर वाचून दाखवायचा आणि तिकडून सांगितलेले ४२ आकडे न चुकता टाइप करायचे. यात ओईएम लायसन्स म्हणजे मशीनबरोबर आलेलं, ते त्या बोर्डाशीच बांधलेलं, बोर्ड बदलला म्हणजे नवीन मशीन असं धरलं जायचं. आपल्याकडे असेंबल्ड पीसीवर बहुतेक पायरेटेड कॉपी असायच्या त्यामुळे हा भाग लोकांना नीट कळलाच नाही, पण लायसन्सचं काहीतरी होतं बाबा, नवीनच टाका, एवढं मात्र सगळीकडे पसरलं. खरं म्हणजे फॉरमॅट मारून लायसन्सचा प्रश्न सुटत नाही, ज्या बोर्डाला लायसन्स नाही त्याला फॉरमॅटनंतरही नाहीच.

मराठीत टाइप करणाऱ्यांना फॉरमॅट अजून एका बाजूने महाग पडायचा. एक्सपीत मराठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी, होतं पण ते आपोआप चालू नसायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करायची, की परत सीडी मागायची, मग रीस्टार्ट. तोवर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. आणि डीटीपीवाल्यांचं, म्हणजे छपाईची पानं लावणाऱ्यांचं, तर सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेले की पाच वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांच्या फाइलींत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल शाबूत, पण वाचता येत नाही. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फॉरमॅट म्हटलं की पोटात गोळा का येतो ते वेगळं सांगायला नको.

ड्रायव्हरची बाजू पुढे हळूहळू सुटत गेली, आणि त्याचं श्रेय एकट्या विंडोजला नाही. इंटेलने २००४ मध्ये एएचसीआय आणलं, त्यामुळे साटा कंट्रोलर कुणाचाही असो, त्याच्याशी बोलायची रीत एक झाली, तेच पुढे २०११ मध्ये एसएसडीसाठी एनव्हीएमईने केलं. रीत एक म्हणजे ड्रायव्हर एक, आणि तो विंडोजमध्येच. मधला काळ त्रासाचा होता, विंडोज ७ मध्ये बायॉसमध्ये आयडीईचं एएचसीआय केलं की तोच निळा स्क्रीन यायचा कारण ड्रायव्हर आत असूनही बूटच्या वेळी बंद, रजिस्ट्रीत एका ठिकाणी ३ चा ० केला की चालू. विंडोज ८ पासून हे बरंच सुरळीत झालं, आणि १० मध्ये तर इंटेलवरून एएमडीवर डिस्क नेली तरी बहुतेक वेळा ती सरळ उठते. लिनक्सवाल्यांना याचं फारसं अप्रूप नाही, त्यांच्याकडे हे कधीपासून चालतंय.

लायसन्सची बाजू विंडोज १० ने बदलली. २९ जुलै २०१५ ला १० आली तेव्हापासून लायसन्स की ऐवजी मशीनची खूणच मायक्रोसॉफ्टकडे नोंदली जायला लागली, त्याच मशीनवर नव्याने टाकली तर की टाकावीच लागत नाही. बोर्ड बदलला तर मात्र खूण जुळणार नाही, त्यासाठी २०१६ च्या ऑगस्टमधल्या अपडेटमध्ये लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडायची सोय दिली. पण ते जोडायचं बोर्ड बदलायच्या आधी. हे शंभरदा सांगावंसं वाटतं, आधी. आणि ओईएमचं आजही तेच, ते जुन्या बोर्डाबरोबरच राहतं.

आज फॉरमॅट मारायला लावणाऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. एक म्हणजे जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आणि नवीन बोर्ड फक्त यूईएफआय, म्हणजे बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत, मानणारा, डिस्क दिसते पण बूट होत नाही, याला २०१७ पासून विंडोज १० मध्येच डिस्कची मांडणी नव्या जीपीटीत बदलणारी एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे. दुसरी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला घातलेलं विंडोजचं कुलूप, त्याची चावी जुन्या बोर्डाच्या टीपीएम चिपमध्ये, नवीन बोर्डावर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागणार, ती अकाउंटमध्ये सापडली तर ठीक, नाहीतर सगळा डेटा डोळ्यांसमोर असून बंद. आणि तिसरी बघून तर मला २००४ च आठवलं, इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या कितीतरी लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायला घेतली की सेटअपला एसएसडीच दिसत नाही, लोड ड्रायव्हर करून पेनड्राइव्हवरून इंटेलचा ड्रायव्हर द्यावा लागतो. एफ सिक्सची फ्लॉपीच ती, नाव बदललेली.

मध्यंतरी मेहुण्याचा पीसी केला. सहाव्या पिढीचा इंटेल काढून एएमडीचा रायझन बसवायचा होता, फोनवरच म्हणाला, दाजी फॉरमॅट मारू नका हं, पोराचे जन्मापासूनचे फोटो डेस्कटॉपवरच आहेत. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, लायसन्स अकाउंटला जोडलं, जुन्या बोर्डावर असतानाच डिस्क जीपीटी करून घेतली, मग बोर्ड बदलला. पहिल्यांदा चालू केल्यावर गेटिंग डिव्हायसेस रेडी असं येऊन टक्के वाढत गेले, दोनदा रीस्टार्ट झालं, आम्ही दोघं गप्प बसून बघत होतो. लॅनचा ड्रायव्हर नव्हता, मोबाइलचं नेट यूएसबीने देऊन तो उतरवला, अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ट्रबलशूट करून हार्डवेअर बदललंय हे सांगितलं, झालं. डेस्कटॉपवर त्याने पोराच्या वर्षांप्रमाणे ओळीने लावलेली नऊ फोल्डरं होती, ती त्याच ओळीत होती.