रानातल्या उड्यांपासून पालिकेच्या बाइक पार्कपर्यंत

अमेरिकेतल्या जुन्या जंगली ट्रेलवर, म्हणजे सायकलने उड्या मारायला रानात बांधलेल्या वाटांवर, बहुतेक उड्या ‘डबल’ असतात. एक उंचवटा सायकल हवेत सोडतो (तो लिप), दुसरा तिला झेलतो (तो लँडिंग) आणि मधे खड्डा असतो. पालिकेच्या बाइक पार्कमध्ये, निदान नवशिक्यांच्या ओळीत, हा मधला भाग मातीने भरून सपाट केलेला दिसतो. त्याला टेबलटॉप म्हणतात. हा फरक सुरक्षिततेसाठी झाला असे सहसा सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्यामागे मातीचा हिशेबही आहे.

१.२ मीटर उंचीचा टेबलटॉप घेऊ. चढ ३ मीटर, सपाट माथा ३ मीटर, उतार साडेतीन मीटर, माथ्याची रुंदी २ मीटर आणि कडा ४५ अंशांच्या. याला चोपून बसलेली सुमारे २२ घनमीटर माती लागते, म्हणजे जवळजवळ आठ ब्रास. सुटी माती मोजली तर आणखी वीस-पंचवीस टक्के जास्त. मधला भाग रिकामा ठेवला आणि दोन्ही उंचवट्यांच्या पाठी जवळपास उभ्या रचल्या, तर निम्म्या मातीत काम होते. शिवाय ती माती मधला खड्डा खणूनच मिळते, दुरून वाहून आणावी लागत नाही. फावडे, टिकाव आणि एक-दोन घमेली एवढ्यावर काम करणाऱ्या मुलांनी डबल निवडला तो म्हणूनच. टेबलटॉप सार्वजनिक जागेत रुळला तो डंपर आणि एक्स्कॅव्हेटर आल्यावर.

पडीक जमिनीवर सायकलसाठी स्वतः वाट तयार करण्याची रीत त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या मुलांनी बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या जागांवरचा राडारोडा हटवून लंबगोल धावपट्ट्या आखल्या आणि जुन्यापान्या सायकलींवर शर्यती लावल्या. त्यातून ‘सायकल स्पीडवे’ हा खेळ उभा राहिला. उड्यांची परंपरा मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातली. श्विन कंपनीची स्टिंग-रे ही लहान चाकांची, उंच हँडलची सायकल १९६३ साली बाजारात आली आणि मुले तिच्यावर मोटोक्रॉसची (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीची) नक्कल करू लागली. १९६९ मध्ये वेस्ट लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये रॉन मॅकलर या उद्यान-कर्मचाऱ्याने मुलांच्या शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट या किशोरवयीन मुलाने रिकाम्या जागेवर शर्यती घेतल्या. १९७१ च्या एका गाजलेल्या मोटरसायकल माहितीपटाच्या सुरुवातीलाच सायकलवरची ही मुले दिसली आणि खेळ देशभर पोचला. १९७४ साली नॅशनल बायसिकल लीग आणि १९७७ साली अमेरिकन बायसिकल असोसिएशन स्थापन झाली. तिथून बीएमएक्सच्या (बायसिकल मोटोक्रॉसच्या) शर्यतींना नियम, ठरावीक ट्रॅक आणि विमा मिळाला. शर्यतीची ही शाखा २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकपर्यंत गेली.

शर्यतीचा ट्रॅक आणि उड्यांची जागा यांची वाट इथे वेगळी झाली. ट्रॅकला संस्था होती, वर्गणी होती, वेळापत्रक होते. ज्यांना फक्त उडायचे होते त्यांनी झाडीत, नदीकाठी, रेल्वेमार्गालगत खणायला घेतले. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाचे शीप हिल्स आणि पेन्सिल्व्हेनियात बेथलेहेमजवळचे पॉश व कॅटासॉक्वाचे कॅटी वुड्स ही नावे १९९० च्या दशकात जगभरच्या बीएमएक्स मासिकांतून पोचली. १९९५ साली सुरू झालेल्या एक्स गेम्स या धाडसी खेळांच्या स्पर्धेत डर्ट जंपिंग, म्हणजे मातीच्या उड्यांचा प्रकार होताच, त्यामुळे अशा जागांकडे आणखी लक्ष गेले.

या जागांवर एकच नियम कडक असे: खणणार नाही तो चालवणार नाही. हा नियम उद्धटपणाचा वाटू शकतो, पण त्यामागचे कारण मातीत आहे. लिपचा वरचा अर्धा मीटर दर आठवड्याला घासतो. पाऊस पडून गेल्यावर ओल्या लिपवरून दहा जण गेले तरी चाकांच्या खोबणी पडतात आणि त्या वाळल्या की तशाच घट्ट होतात. म्हणून चालवण्याआधी पाणी मारायचे, पाने झाडायची, फावड्याच्या पाठीने लिप थोपटायची, खेळ संपला की ताडपत्री घालायची. क्रिकेटची खेळपट्टी जशी रोज राखावी लागते, तसेच हे. जो फक्त चालवून जातो तो दुसऱ्याचे दोन-तीन तासांचे काम वापरून संपवतो.

लिप का सांभाळायची, हे आकड्यांतून नीट कळते. सायकल सेकंदाला ८ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटरने, ३० अंशांच्या लिपवरून सुटली आणि तेवढ्याच उंचीवर उतरली, तर हवेतले अंतर साधारण ५.७ मीटर भरते. हाच कोन झिजून २६ अंश झाला तर अंतर ५.१ ते ५.२ मीटरवर येते. डबलवर हा अर्धा मीटर म्हणजे मागचे चाक लँडिंगच्या कडेवर आदळणे. वेगाचा परिणाम तर याहून मोठा आहे. तोच कोन ठेवून वेग सेकंदाला ७ मीटर केला की अंतर ४.३ मीटर होते. टेबलटॉपवर कमी पडलेला सायकलस्वार सपाट माथ्यावर उतरतो आणि पुढे निघतो. डबल ही चूक पोटात घालत नाही.

लँडिंगचे गणित त्याहून महत्त्वाचे, आणि घरगुती बांधकामात तेच सर्वांत जास्त चुकते. त्याच ८ मीटर वेगाने ३० अंशांत खाली येणारी सायकल सपाट जमिनीवर पडली तर शरीराला बसणारा धक्का जवळजवळ ८० सेंटिमीटरवरून सरळ खाली पडल्याइतका असतो. तीच सायकल २० अंशांच्या उतारावर उतरली तर तो धक्का १० सेंटिमीटरवरून पडल्याएवढा उरतो. उतार मार्गाशी जितका जुळता, तितका धक्का कमी. नवख्यांचा सगळा जीव लिपमध्ये असतो आणि माती संपत आली की लँडिंग तोकडे, उथळ राहते. मातीचा मोठा वाटा लँडिंगला जायला हवा. ते लिपपेक्षा रुंदही असावे, कारण हवेत सायकल बाजूला सरकते.

आता जमिनीविषयी. या जागांपैकी बऱ्याच कोणाच्या तरी खासगी मालकीच्या किंवा कोणी न विचारलेल्या सरकारी जमिनीवर होत्या. सांताक्रूझ काउंटीतल्या ॲप्टॉस गावात टपाल कार्यालयाजवळच्या मोकळ्या भूखंडावर पोस्ट ऑफिस जंप्स होत्या. अनेक व्यावसायिक सायकलस्वार तिथे तयार झाले. गावाच्या मध्यावर नवे बांधकाम उभे राहायचे ठरले आणि २०१५ साली त्या उड्या सपाट झाल्या. मालकाने वर्षानुवर्षे वापर होऊ दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण तोंडी परवानगीवर बांधलेली शेकडो ब्रास माती एका दिवसात जाते, हे सगळ्यांना दिसले. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनच्या जंगलांत मुलांनी बांधलेल्या उड्यांचेही तसेच झाले. तिथे मुळे उघडी पडत होती, वनस्पती तुडवल्या जात होत्या, आणि जंगल सांभाळणाऱ्यांचा आक्षेप रास्त होता.

पालिकांना अडचण होती ती दाव्यांची. मूल पडले, हात मोडला, तर भरपाई कोण देणार? कॅलिफोर्नियात याचे उत्तर दोन कायद्यांत मिळते. १९६३ चे नागरी संहितेचे कलम ८४६ विनामूल्य करमणुकीसाठी जमीन वापरू देणाऱ्या खासगी मालकाची जबाबदारी बरीच कमी करते. १९८३ चे सरकारी संहितेचे कलम ८३१.७ सार्वजनिक संस्थांना ‘धोकादायक करमणूक’ प्रकारांत संरक्षण देते, आणि त्या यादीत सायकलच्या शर्यती व उड्यांचा उल्लेख आहे. मात्र हे संरक्षण अटींसह आहे. त्या खेळासाठी वेगळे शुल्क घेतले तर ते जाते. खेळात मुळातच अपेक्षित नसलेला, पण संस्थेला ठाऊक असलेला धोका सांगितला नाही, किंवा खेळासाठी केलेले बांधकाम नीट राखले नाही, तरीही जाते. म्हणून अशा पार्कांना प्रवेशशुल्क नसण्यामागे उदारतेबरोबर कायदाही आहे. दर आठवड्याची पाहणी तारखेसह वहीत नोंदवण्याचा आग्रहही तिथूनच येतो. कोणती लिप झिजली, कुठे दगड वर आला, कोणती ओळ कधी बंद केली, हे लिहिलेले असले तर पालिकेचा वकील झोपू शकतो आणि पार्क उघडे राहते. ही वही कंटाळवाणी वाटते, पण आमच्या मते फावड्याच्या खालोखाल महत्त्वाचे हत्यार तेच.

सिॲटलमध्ये इंटरस्टेट ५ या महामार्गाच्या पुलाखालच्या ओसाड जागेत स्वयंसेवकांनी कॉलोनेड हा पार्क उभारला. २००५ च्या सुमारास सुरू झालेले हे काम शहरी बाइक पार्कचा पहिला मोठा नमुना मानले जाते. पावसाच्या शहरात डोक्यावर छप्पर मिळाले, पण त्याची उलटी बाजूही आहे. तिथे पाऊस पोचत नाही म्हणून माती सुकते, भुगा होतो, आणि पाणी आणून मारावे लागते. २०११ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने व्हॅलमाँट बाइक पार्क खुला केला. सुमारे ४० एकर, प्रवेश मोफत, पंप ट्रॅकपासून (लहान उंचवट्यांच्या वाटेपासून) मोठ्या उड्यांपर्यंत सोप्या-अवघड ओळी वेगळ्या, आणि जमीन चिखलाची झाली की पार्क बंद. ओल्या मातीवर चालवू न देण्याचा रानातला नियम पालिकेच्या फलकावर आला.

पालिकेच्या कामात वेगळ्या चुका होतात. ठेकेदार वरची काळी, मुळे-पाने असलेली माती ढिगात घालतो. ती कुजते आणि दोन वर्षांत माथा खचतो. माती वाचवायला आत ओंडके, टायर किंवा फांद्या पुरल्या तरी तेच. गाभ्यात हवे तर मुरूम किंवा तुटलेले काँक्रीट चालते, पण पोकळी न ठेवता. वरच्या ३० सेंटिमीटर थरात मात्र चाळलेली माती हवी, त्यात चिकणमाती साधारण २० ते ३० टक्के. तपासायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर डिशवॉशरची पावडर, जोरात हलवून एक दिवस ठेवायचे. खाली रेती, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर बसतात आणि पट्टीने मोजता येतात. रेती जास्त असेल तर लिप ढासळते. चिकणमाती जास्त असेल तर वाळल्यावर भेगा पडतात आणि पावसात घसरडे होते. आपल्याकडच्या काळ्या कापूस-मातीत नेमका हा दोष टोकाचा आहे, त्यामुळे ती एकटी कधीच वापरू नये.

भराव १५ सेंटिमीटरच्या थरांत घालून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा धुम्मसाने चोपायचा. मुठीत दाबल्यावर गोळा बनावा आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत, इतपत ओल हवी. गोळ्यातून पाणी सुटले तर दोन दिवस थांबणे बरे. मीटरभर उंच ढीग एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरची कवची घट्ट होते आणि आतली माती पहिल्या पावसाळ्यात बसते.

मग पाणी. डबलचा मधला खड्डा म्हणजे आयते तळे, आणि पाणी लिपच्या पायात मुरले की ती मागून कोसळते. मूळ जमिनीलाच दोन-तीन टक्के उतार देऊन प्रत्येक खोलगट जागेतून १०० मिलिमीटरचा पाइप बाहेर काढायचा, तोंडाला जाळी लावायची. हे काम उड्या उठण्याआधीच होते. नंतर पाइप टाकायचा म्हणजे उडी कापणे आले.

पंप ट्रॅक ही शाखा उशिरा आली. २००० च्या दशकात बोल्डरच्या परिसरातून तिचा अमेरिकेत प्रसार झाला. पॅडल न मारता, अंग वर-खाली करून रोलर (मातीचे गोलसर उंचवटे) आणि बर्म (वळणावरचे कलते बांध) यांच्या आधारे वेग घ्यायचा. रोलरची उंची आणि दोन शिखरांतले अंतर यांचे प्रमाण साधारण एकास दहा, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीला ३ मीटर. अंतर याहून बरेच कमी झाले तर पुढचे चाक दुसऱ्या रोलरला धडकते. लहान जागेत मावणारा, हवेत न उडताही वापरता येणारा आणि चार वर्षांच्या मुलालाही जमणारा हा प्रकार पालिकांना लगेच पटला.

स्वित्झर्लंडच्या व्हेलोसोल्युशन्स कंपनीने, जिचे संस्थापक क्लॉडिओ कॅलुओरी हे डाउनहिलचे (डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीचे) माजी स्पर्धक, पंप ट्रॅकवर डांबर घातले. पाणी मारणे, थोपटणे, ताडपत्री हे सगळे सुटले. स्केटबोर्ड आणि व्हीलचेअरसुद्धा तिथे चालू लागली. डांबराखाली चोपलेल्या खडीचा थर लागतो आणि कडांना गवत लावावेच लागते, नाहीतर पावसाचे पाणी कड पोखरते आणि डांबर अधांतरी राहून तुटते. लहान गावाला एकच गोष्ट परवडणार असेल तर डांबरी पंप ट्रॅक घ्यावा, असेच आम्ही सांगू.

मोठ्या उड्यांना मात्र डांबर फारसे वापरले जात नाही. पडणाऱ्याची कातडी हे एक कारण. दुसरे असे की लिप बांधून झाल्यावर चालवून पाहावी लागते, दोन अंश उचलावी लागते, लँडिंग अर्धा मीटर मागे घ्यावे लागते. माती हे करू देते. लिपच्या मातीत सिमेंट मिसळण्याचा मोह याच कारणाने टाळावा. कवची फुटल्यावर तिच्यावर नवी माती धरत नाही आणि सगळी लिप उखडून पुन्हा बांधावी लागते. त्यामुळे उड्या असलेल्या प्रत्येक पार्कात कोणीतरी फावडे घेऊन उभे राहणे आलेच. ज्या पालिका स्थानिक गटाशी लेखी करार करतात, त्यांनी करारात चार गोष्टी घालाव्यात: पाण्याचा नळ कुठे, फावडी-खराट्यांच्या पेटीची किल्ली कोणाकडे, वर्षाला किती ब्रास चाळलेली माती पालिका टाकणार, आणि ओल असताना ओळ बंद करण्याचा अधिकार कोणाला. नळ राहून गेला तर उन्हाळ्यात लिपा भुसभुशीत होतात आणि गटातली माणसे बादल्या वाहून थकतात. करारात आधी नळ लिहून घ्यावा.