आयटीआय इलेक्ट्रिशियन की इलेक्ट्रिकल डिप्लोमा? खर्च आणि कमाईचा हिशेब

दहावीच्या निकालानंतर ‘पोराला इलेक्ट्रिकलला टाकलंय’ असं कुणी सांगितलं, की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा : आयटीआयला की डिप्लोमाला? दोन्हीकडे दहावीनंतरच जाता येतं आणि दोन्हीकडे मोटर, ट्रान्स्फॉर्मर, अर्थिंग शिकवतात. त्यामुळे डिप्लोमा म्हणजे आयटीआयचीच वरची पायरी, असा समज सर्रास दिसतो. तो धरून पैशाचा हिशेब मांडला की आकडे चुकतात.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा. त्यातला मोठा वेळ वर्कशॉपमध्ये जातो : वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, पॅनेल बांधणं, दोष शोधणं. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. डिप्लोमा तीन वर्षांचा, पॉलिटेक्निकमध्ये. आपल्याकडे त्याची परीक्षा राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई, घेतं. तिथे गणित, सर्किटची गणितं, स्विचगिअर आणि प्रोटेक्शन (वीज सुरू-बंद करणारी आणि बिघाडापासून वाचवणारी उपकरणं), ड्रॉइंग, एस्टिमेट यांवर भर. एकाने जोडणी करायची आणि दुसऱ्याने ती कशी असावी हे ठरवून तपासायची, अशी ही मूळ वाटणी आहे. कारखान्यात ती रोज पुसट होते, पण भरतीच्या जाहिरातीत अजिबात होत नाही.

जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात टेक्निशियन-३ या पदासाठी दहावी आणि संबंधित ट्रेडची आयटीआय मागितली होती. इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्यांनी अर्ज केले. आमचं शिक्षण वरचं, मग आम्ही अपात्र कसे, हा त्यांचा मुद्दा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिप्लोमात आयटीआय आपोआप सामावलेली नसते आणि कुठली पात्रता हवी हे नेमणारा ठरवतो. रेल्वेच्या टेक्निशियन ग्रेड-३ च्या जाहिरातीतही आयटीआयऐवजी डिप्लोमा चालणार नाही, असं लिहिलेलं असतं.

आता पैसे. सरकारी आयटीआयची फी नगण्य, सरकारी पॉलिटेक्निकची काही हजारांत, खासगी पॉलिटेक्निकची वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास किंवा पुढेही जाते. गाव सोडून राहायचं तर खोली आणि मेसचा खर्च फीपेक्षा मोठा, आणि तो डिप्लोमाला एक वर्ष जास्त. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांनी फीचा भार बराच हलका होतो. मेसचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला भरावंच लागतं.

पण खरा फरक फीत नाही, वेळेत आहे. आयटीआयवाला दोन वर्षांनी अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून लागतो. २०१९ च्या नियमांनुसार त्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. म्हणजे त्या हिशेबाने तिसऱ्या वर्षी डिप्लोमावाला फी भरत असताना याच्या हातात वर्षाचे ८४,००० येतात. डिप्लोमावाल्याचं किमान विद्यावेतन त्याच नियमांत ८,०००. एका जादा वर्षाचा मोबदला महिना हजार रुपये! चाकण-वाळूजच्या कारखान्यांत पहिल्या एक-दोन वर्षांत दोघांच्या पगारात फारसं अंतर नसतं, हे तिथे काम करणारा कुणीही सांगेल.

अंतर पडतं ते सरकारी नोकरीत आणि पुढच्या बढतीत. रेल्वेत टेक्निशियन ग्रेड-३ चं सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० आणि ज्युनिअर इंजिनिअरचं ३५,४००. महिन्याला साडेपंधरा हजारांचा फरक म्हटलं, की जादा वर्षाचा खर्च वर्षभरात वसूल. मात्र ज्युनिअर इंजिनिअरच्या त्याच परीक्षेला बी.ई. झालेलेही बसतात, हे क्लासवाले मोठ्या अक्षरात छापत नाहीत. महावितरणात चित्र आणखी वेगळं. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागा होत्या, आयटीआयचा वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) ट्रेड केलेल्यांसाठी. पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधन अनुक्रमे १५, १६ आणि १७ हजार, मग तंत्रज्ञ म्हणून कायम. पदविका अभियंत्यांच्या जागा त्या मानाने मोजक्याच निघतात, पण तिथून कनिष्ठ अभियंता होता येतं. आयटीआयवाल्याला मिळणारं काम खांबावर चढायचं आहे, पावसाळ्यात रात्रीबेरात्रीचं आहे, आणि त्यातला धोका मानधनाच्या आकड्यात दिसत नाही. घरच्यांनी हे आधी नीट बोलून घ्यावं.

स्वतःचा धंदा करायचा असेल, तर प्रमाणपत्रापेक्षा परवाना मोठा. नवीन मीटर घ्यायचा तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आयटीआय आणि अप्रेंटिस केलेल्याला तारतंत्रीचा परवाना काढता येतो. डिप्लोमावाला अनुभव जोडून पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राकडे जातो. कुशल हात असूनही वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या लायसन्सवर काम करणारे इलेक्ट्रिशियन प्रत्येक तालुक्याला आहेत. टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ठेकेदार त्यांच्या कामावर पैसे घेतो.

माझं मत विचाराल, तर गणिताची भीती नसेल आणि पुढे डिग्रीला जायचा विचार असेल, तर थेट डिप्लोमा करावा. त्यानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. घरात लवकर पैसा यायला हवा असेल, तर आयटीआय. आणि तिसरी वाटही आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं : दोन वर्षांची आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाणं. एकूण चार वर्षं, पण हातात दोन्ही प्रमाणपत्रं, म्हणजे दोन्ही प्रकारच्या जाहिरातींना अर्ज करता येतो. अडचण एकच, पण ती खरी. पहिल्या वर्षाचं गणित बुडालेलं असतं आणि दुसऱ्या वर्षाची सर्किटची गणितं त्याच्यावरच उभी असतात. प्रवेश पक्का झाला की त्या सुट्टीत कुणाकडून तरी त्रिकोणमिती, कॉम्प्लेक्स नंबर आणि डेरिव्हेटिव्ह शिकून घ्यावेत. नाहीतर चार वर्षांची सहज पाच होतात आणि वर मांडलेला सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.