त्सोम म्हणजे आपली एकादशी नव्हे

इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबाला जाऊन आलेला मराठी माणूस हमखास सांगतो, "तिथे बुधवार-शुक्रवार सगळे शाकाहारी! अगदी आपल्या श्रावणासारखं." सगळे नव्हेत, शाकाहारी नव्हेत, आणि आपल्यासारखं तर मुळीच नाही. तो त्सोम, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास.

आपला उपवास काय सांगायचा? भात-पोळी बंद, वरी, साबुदाणा, दूध, दही, तूप चालू. कांदा-लसूण नाही. पुढे चला.

इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या त्सोममध्ये धान्य बिनदिक्कत चालतं. तेफ नावाच्या बारीक धान्याचा, आंबवलेल्या पिठाचा परातीएवढा इंजेरा, त्यावर लालभडक मिसिर वट म्हणजे मसुराचं कालवण, शेजारी शिरो म्हणजे कडधान्याच्या पिठाचं कालवण आणि गोमेनची हिरवी भाजी. कांदा तर ढिगाने. (इंजेराला आंबोळी म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.)

घोळ होतो तो दुधावर. आपल्या हिशेबात दूध आणि मटण दोन टोकांना. दूध सात्त्विक, देवाला चालणारं. तिथे जनावरापासून आलेलं सगळं एकाच पारड्यात. मांस वर्ज्य, म्हणून दूध, लोणी, अंडीही वर्ज्य. एरवी याच घरांत नितेर किब्बे, म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप, सढळ हाताने पडतं. त्सोमला ते बाजूला ठेवून तेल वापरतात, पूर्वापार नूगचं. नूग म्हणजे आपले कारळे. मॅकियाटोवर, म्हणजे दूध घातलेल्या कॉफीवर जीव टाकणाऱ्या आदिसमध्ये बुधवारी उपवास करणारा काळी बुन्ना, म्हणजे बिनदुधाची कॉफी मागवतो. आपल्याकडचा उपवासाचा दुधाळ चहा तिथे सांगून बघा.

शिवाय ही झाली त्या दिवसाचा निराहार सुटल्यानंतरची थाळी. कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. खाण्यावर लिहिणारे नेमकं हेच गाळतात, रंगीत थाळीचे फोटो टाकतात आणि माझं डोकं फिरतं. बुधवार येशूविरुद्धच्या कटाचा, शुक्रवार क्रुसाचा. फासिका म्हणजे ईस्टर, त्याआधी सलग 55 दिवस. सामान्य भाविकाला वर्षाचे साधारण 180 दिवस पडतात. फासिकाच्या मध्यरात्रीनंतर उपवास सुटतो तो कोंबडी आणि उकडलेल्या अंड्यांच्या डोरो वटवर. शाकाहाराचं कौतुक तिथे कुणाला नसतं. फासिकानंतरचे 50 दिवस बुधवार-शुक्रवारही मोकळे.

आणि "सगळे" म्हणाल, तर देशात सुमारे एक तृतीयांश लोक मुस्लिम आहेत. प्रोटेस्टंटही बरेच. त्यांना हा नियम लागू नाही.

शाकाहारी असाल तर "यत्सोम बेयाइनेतु" मागा, मिश्र थाळी येईल. नुसता शिरो मागवताना जपून: बोझेना शिरोमध्ये मांसाचे तुकडे असतात. मासा त्सोमला चालतो की नाही यावर तिथेच मतभेद आहेत, पण बऱ्याच हॉटेलांच्या त्सोमच्या यादीत तो असतो. माशाला तिथे आसा म्हणतात. नको असेल तर आधीच सांगा.