साक्यावरचा प्रबंध केवढ्याला?

हापूस कापावा आणि आत पांढरट, स्पंजासारखा गर निघावा. कोकणात याला साका म्हणतात. फळ वरून निर्दोष दिसतं, त्यामुळे पेटी भरताना काही कळत नाही. अशा दुखण्यांवरचे प्रबंध एकेकाळी दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी कपाटात असत. आता देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या डिजिटल ग्रंथालयात जमा होतात. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं मोल ठरवायचं कसं? राष्ट्रीय उत्पन्न मोजतं ते मुख्यतः विकलं-घेतलेलं. प्रबंध वाचून वाचलेली बाग त्याच्या नावावर कुठेच चढत नाही.

एक वाट हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी सुचवली : लोक तिथवर पोचायला किती खर्च करतात ते बघा. समजा, देवगडचा बागायतदार प्रबंध पाहायला दापोलीला गेला. दोन दिवस मोडले, त्यांचे १,२०० रुपये. एसटी आणि मुक्कामाचे १,५०० धरू. झाले २,७००. तोच प्रबंध मोबाइलवर उघडला तर एवढे वाचले. हिशेब सरळ आहे, पण मला तो अपुरा वाटतो. बहुतेक बागायतदार एका प्रबंधासाठी दापोली गाठणारच नाहीत. त्यांचा फायदा प्रवासखर्चाचा नाही; एरवी कधीच हाती न आलेलं ज्ञान मिळालं, हा आहे.

म्हणून दुसरी वाट : थेट विचारायचं. ब्रिटिश लायब्ररीने २००४ साली लोकांना विचारलं, ही सेवा चालू राहावी म्हणून किती द्याल, आणि बंद झाली तर किती भरपाई घ्याल? अशा सगळ्या उत्तरांतून निघालं, की सरकारच्या दर १ पौंडामागे ४.४० पौंडांचं मोल तयार होतं. या दोन प्रश्नांची उत्तरं सहसा जुळत नाहीत. हातातलं सोडायची किंमत माणूस बहुतेक वेळा जास्त सांगतो.

वर्गणीचा आकडा म्हणजे मोल नव्हे, हेही सांगायला हवं. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत केंद्राने २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये ठेवले. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यातून सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येतात. ही प्रकाशकांना द्यायची किंमत झाली. देवगडचा बागायतदार तर या यादीत नाहीच.

आणि जे आज कोणी उघडतच नाही, त्याचं काय? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातली, साका नसलेली 'रत्ना' जात आली. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर झाला आणि १९९२ साली अगदी पातळ कोयीची 'सिंधू' आली. मधल्या ११ वर्षांत रत्नाच्या नोंदी किती जणांनी चाळल्या, यावरून त्यांचा दर ठरवला असता तर तो फार थोडा निघाला असता. पुढे कधीतरी लागेल म्हणून जपलेल्या गोष्टीच्या या मोलाला अर्थशास्त्रात पर्यायमूल्य म्हणतात. कलम लावून काही वर्षं फळाची वाट पाहणाऱ्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.