चिकटलेला स्टार्टर

ओलिताच्या दिवसांत रात्रीची लाइन असली की मोटर लावायला वावरात जावंच लागतं. हिरवं बटन दाबलं की स्टार्टर खटकन ओढतो, लाल दाबलं की सोडतो. एका रात्री आमच्या स्टार्टरचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले. लाल बटन दाबून दाबून अंगठा दुखला, मोटर काही थांबेना. हरभऱ्यात तळं साचलं. शेवटी फ्यूजचे किटकॅट उपसले तेव्हा कुठे ती बंद पडली.

मामांचा आजार मला कळला तो या रात्रीमुळे.

पेशीतही असे स्टार्टर असतात, त्यांना प्रोटीन कायनेज म्हणतात. माणसात ते 500 हून जास्त आहेत. काम एकच: एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर बसवायचा. तो बसला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कामाला लागतं. काही प्रथिनं उलट थांबतात. फॉस्फेट उतरवून घेणारे फॉस्फटेज वेगळे, ते लाल बटन. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना ही रीत 1950 च्या दशकात स्नायूंचा अभ्यास करताना सापडली. नोबेल मिळायला मात्र 1992 उजाडलं.

मामांना पोटात डावीकडे जड वाटायचं, दोन घासांत पोट भरायचं. प्लीहा सुजली होती आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेलेल्या. निदान निघालं सीएमएल, रक्ताचा कॅन्सर. यात रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. (हे आईबापाकडून येत नाही, मामींना तीनदा सांगावं लागलं.) त्या जोडावर बीसीआर-एबीएल नावाचं कायनेज तयार होतं. मूळ एबीएलला स्वतःचा ब्रेक असतो, जोडकामात तो जातो. मग पेशीला वाढायचा हुकूम रात्रंदिवस चालूच.

इमॅटिनिब ही गोळी कायनेजवर एटीपी जिथे बसतो त्या खाचेत जाऊन बसते, किटकॅटच्या जागी लाकडाचा तुकडा ठोकावा तशी. अमेरिकेत तिला 2001 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली. नाहीतर कापसाच्या पैशात ती कास्तकाराला झेपलीच नसती. त्रास होतोच: डोळ्यांभोवती सूज, रात्री पायात गोळे.

सहा महिन्यांत मामा ठणठणीत झाले आणि कापूस वेचणीच्या धांदलीत गोळी सुटली. “आता त काईच होत नाई मले, मंग गोई कायले खाऊ?” पुढच्या तपासणीत आजाराचा आकडा वर चढलेला. गोळी स्टार्टर दुरुस्त करत नाही, फक्त खाच अडवून धरते. आणि चिवट पेशींत कधी खाचच बदलते: प्रथिनाच्या साखळीत 315 व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिब तिथं बसतच नाही, वेगळं औषध शोधावं लागतं. बरीच वर्षं आजार अगदी खोलवर दबलेला राहिला तर काहींची गोळी डॉक्टर बंद करतात, पण लागोपाठच्या तपासण्यांच्या पहाऱ्यात. मामांचा अजून तो नंबर नाही.

आता जेवताना ताटाशेजारी गोळ्यांची पट्टी आणि गिलासभर पाणी असतं. पुढची तपासणी नागपूरला, नेमकी तूर काढायच्या आठवड्यात. मामा तारीख पुढे ढकल म्हणतात. मी एसटीच्या दोन सीट धरून ठेवल्यात.