सुरगाण्याचे जे. पी. आणि ‘प्लॉट’ची गोष्ट

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर लाल टोप्या दिसू लागल्या की शहरातला माणूस विचारतो, ‘गावितांचा मोर्चा का?’ जिवा पांडू गावित, सगळ्यांचे जे. पी., मार्क्सवादी पक्षाचे सात वेळा आमदार. शहराला मात्र ते मुख्यतः वाहतूक अडली की आठवतात.

सुरगाणा-पेठ या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांकडे ‘प्लॉट’ म्हणजे बंगल्याची जागा नव्हे. प्लॉट म्हणजे जंगलातली, बापजाद्यांपासून कसत आलेली, पण कागदावर वनखात्याची असलेली जमीन. नागली, वरई, भात पिकवायचा आणि फॉरेस्टवाल्यांनी पकडलं की दंड भरायचा. १९७८ मध्ये गावित सुरगाण्यातून पहिल्यांदा निवडून आले, ते याच प्रश्नावर लढणाऱ्या लाल बावट्याच्या जोरावर. त्याच वर्षी डिसेंबरात जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतला; पण १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि काम रखडलं.

त्यानंतर १९८०, ८५, ९० असे सलग विजय. ९५ ला पराभव, ९९ आणि २००४ ला पुन्हा विजय. मग मतदारसंघांची फेररचना झाली, सुरगाणा मतदारसंघ उरला नाही आणि तालुका कळवणला जोडला गेला. कळवण हा ए. टी. पवारांचा गड. २००९ ला पवार जिंकले, २०१४ ला गावितांनी त्यांना हरवलं, २०१९ आणि २०२४ ला पवारांचे चिरंजीव नितीन पवार निवडून आले. आघाड्या बदलल्या, चिन्हं बदलली; गावितांची निशाणी तीच राहिली. एवढ्या वर्षांत पक्ष न बदलणारे आमदार आपल्या जिल्ह्यात किती, ते ज्याने त्याने मोजावं.

२०१४ ची एक गंमत सांगायलाच हवी. सभागृहात पक्षाचा हा एकच आमदार, पण ज्येष्ठ म्हणून हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. बाकीच्या आमदारांना शपथ दिली ती सुरगाण्याच्या माणसाने.

दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा द्या, चार हेक्टरपर्यंत हक्क घ्या. पुरावा कुठून आणायचा? कुणी छपरात खोचून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं, तीच मुलाचा कब्जा सिद्ध करायला कामी आली. तरीही दावे फेटाळले गेले किंवा कसलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षेत्र मंजूर झालं.

म्हणून ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेचा, लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. नाशिक ते मुंबई सुमारे १८० किलोमीटर, कसारा घाट उतरून, कित्येक जण फुटलेल्या तळव्यांनी. शेवटच्या रात्री मुंबईतल्या सोमय्या मैदानावर थोडी पाठ टेकली, की उठून अंधारातच आझाद मैदान गाठलं; सकाळी शहरातल्या दहावीच्या पोरांना परीक्षेला जायचं होतं, त्यांची वाट अडू नये म्हणून. मागण्यांत वनजमीन होतीच, शिवाय नार-पार या इथल्या नद्यांचं पाणी गुजरातला जाऊ नये हेही होतं. पावसाळ्यात धो-धो आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर उतरणं, हे ज्या गावांच्या नशिबी, त्यांनी ते मागणं साहजिकच. सरकारने लेखी आश्वासन दिलं, दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं.

ते पुरतं पाळलं गेलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा मोर्चा निघाला, दिंडोरीहून वाशिंदपर्यंत गेला. तेव्हा गावित आमदार नव्हते, तरी सरकारशी बोलणी करायला तेच पुढे. मागणी आता आणखी बारीक झाली होती. वनहक्क मिळालेल्याचं नाव सातबाऱ्यावर ‘इतर हक्का’त लागतं, ते कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, लावा, आणि चार हेक्टरपर्यंत जेवढं कसतो तेवढं सगळं लावा. रकाना बदलला नाही तर पीककर्जासाठी बँकेत गेलेला माणूस पहिल्याच टेबलावरून परत येतो.