‘मेन’च्या आधी ‘स्टॅटिक’ कुठून आले?

सोलापुरात जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्या मुलांच्या प्रॅक्टिकल जर्नलात पहिल्याच प्रोग्रॅममध्ये ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ असते, आणि तिचा अर्थ विचारला की ‘आत्ता पाठ करा, पुढे कळेल’ असे उत्तर बहुधा मिळते. शिकवताना मीही तेच दिले आहे, आणि ते अपुरे होते.

‘मेन’ म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग, आणि हे नाव मुळात जावाचे नव्हे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी घडवलेल्या बी भाषेत ते होते आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेमुळे ते सर्वत्र रुजले. सीमध्ये मेन हे एक मोकळे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला सूचनांचा गट, आहे. ते कोणत्याही क्लासचे (ऑब्जेक्टच्या आराखड्याचे) नसल्याने त्याला थेट हाक मारता येते. ऑब्जेक्टची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या घटकाची, कल्पना आणणाऱ्या सिम्युला ६७ या भाषेत अख्खा प्रोग्रॅमच एक ब्लॉक असे, तर स्मॉलटॉक या भाषेत ऑब्जेक्टांचे जग आधीपासूनच जागे असे.

पेच पडला तो जावात. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार केलेल्या, १९९५ साली जाहीर झालेल्या या भाषेत प्रत्येक मेथड (फंक्शनचेच इथले नाव) क्लासच्या आत असावी लागते. साधी मेथड चालवायला ऑब्जेक्ट हवा आणि ऑब्जेक्ट घडवणारा कोड आधी कुठूनतरी सुरू व्हायला हवा. ऑब्जेक्टविना, नुसत्या क्लासच्या नावावर चालणारी ‘स्टॅटिक’ मेथड हा त्यावरचा तोडगा होता. (घरी यंत्रमाग असलेल्या एका मुलाने हे माझ्या आधीच सांगून टाकले: ताण्याच्या धाग्यांचा बीम चढवल्याशिवाय धोटा फिरत नाही.) हाक बाहेरून, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या जावाच्या व्हर्च्युअल मशीनकडून येते, म्हणून ‘पब्लिक’, आणि मेन संपली तरी इतर थ्रेड (समांतर चालणारी कामे) चालू राहू शकत असल्याने तिने परत दिलेल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून ‘व्हॉइड’, म्हणजे काहीच परत न देणारी.

या ठरलेल्या सहीत, म्हणजे मेथडच्या पहिल्या ओळीत, जरा फरक पडला की गंमत होते. मेनचा पहिला एम कॅपिटल लिहिला, तर कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही. चालवताना मात्र मेन मेथड सापडत नाही असा संदेश येतो आणि मुले तासभर अर्धविराम शोधत बसतात. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प या भाषेत नेमका तोच कॅपिटल एम लागतो. तिथेही स्टॅटिक राहिले, पण पब्लिकची सक्ती नाही आणि पूर्णांक परत देण्याची मुभा आहे. २०२० च्या नवव्या आवृत्तीपासून तर मेन न लिहिताही प्रोग्रॅम सुरू करता येतो.

जावाने मेन ठेवून तिची सही सैल करण्याचा बदल २०२३ साली एकविसाव्या आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात आणला आणि सप्टेंबर २०२५ मधील पंचविसाव्या आवृत्तीत कायम केला. आता पब्लिक, स्टॅटिक आणि आर्ग्युमेंटची (प्रोग्रॅमला सुरुवातीला दिलेल्या माहितीची) यादी वगळून केवळ ‘व्हॉइड मेन’ लिहिले तरी चालते. त्या क्लासचा ऑब्जेक्ट जावा स्वतःच बनवून घेते. जुन्या जर्नलातली लांबलचक ओळही पूर्वीसारखीच चालते.